हात आपला, आकडा उसना

"माझा सेन्स पार बिघडलाय," असे मी गेल्या पावसाळ्यात एकदा कँटीनमध्ये जरा मोठ्यानेच म्हणालो. मागच्या बाकावर आमचे गणिताचे सर चहा घेत होते. त्यांनी मान वळवून अत्यंत शांतपणे विचारले, "म्हणजे आधी होता तर?" त्यावर जो हशा पिकला तो बेळगावच्या पावसातही रस्त्यापर्यंत ऐकू गेला असावा. मग सरांना सगळे समजावून सांगणे भाग पडले. आणि सांगता सांगता माझ्या ध्यानात आले की ज्या गोष्टीपायी मी दोन महिने झोप घालवली, तिची साधी व्याख्याही मला धड करता येत नव्हती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अर्धवट राहिलेल्या उत्तराची भरपाई होय. सरांनी तो वाचावाच. पण रात्री दोनपर्यंत ज्यांच्या खोलीतून टकटक ऐकू येते त्या माझ्या बंधूंनी अधिक लक्ष देऊन वाचावा.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख. काउंटर-स्ट्राइक हा खेळ १९९९ साली दोन तरुणांनी हाफ-लाइफ नावाच्या दुसऱ्या खेळाला जोड म्हणून तयार केला. त्याची सध्याची दुसरी आवृत्ती २०२३ ची. व्हॅलोरंट हा त्याचाच चुलतभाऊ, २०२० सालचा. दोन्हींत पाचजणांविरुद्ध पाचजण. डावा हात कळफलकावर, तो चालवतो. उजवा हात माऊसवर, तो पाहतो. होय, या खेळात हाताने पाहायचे असते. माऊस उजवीकडे सरकवला की खेळाडूची मान उजवीकडे वळते. किती सरकवला म्हणजे किती वळते, हे जे प्रमाण, तिचे नाव संवेदनशीलता. मुले आळसाने तिलाच 'सेन्स' म्हणतात.

हे प्रमाण दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरते. पहिला आकडा माऊसचा: एक इंच सरकल्यावर तो संगणकाला किती खुणा पाठवतो. याला डीपीआय म्हणतात, आणि तो बहुधा ४००, ८०० किंवा १६०० ठेवलेला असतो. दुसरा आकडा खेळाच्या आत भरायचा. काउंटर-स्ट्राइकमध्ये हा आकडा १ ठेवला तर प्रत्येक खुणेला दृष्टी ०.०२२ अंश वळते. (हे ०.०२२ म्हणजे १९९६ च्या क्वेकपासून चालत आलेले घराण्याचे दान आहे. आमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीचे.) आता त्रैराशिक मांडा. पूर्ण प्रदक्षिणा ३६० अंशांची, म्हणजे सुमारे १६,३६४ खुणा. माऊस ८०० चा असेल तर सुमारे साडेवीस इंच, म्हणजे ५२ सेंटिमीटर. म्हणजे ८०० आणि १ ठेवणाऱ्या मुलाला स्वतःभोवती एकदा फिरायला माऊस सव्वा हात ओढावा लागतो.

सरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, "मग तुम्ही आपसांत सेंटिमीटरमध्ये का बोलत नाही?" मी गप्प राहिलो. खरोखरच, का बोलत नाही?

आमच्या वसतिगृहातला एक गडी व्हॅलोरंट सोडून काउंटर-स्ट्राइककडे आला. त्याचा जुना आकडा ०.४. तोच त्याने इमानाने नव्या खेळात भरला. व्हॅलोरंटमध्ये एका खुणेला ०.०७ अंशांचा हिशेब असतो, म्हणजे तिथले ०.४ इथे सुमारे १.२७ होतात, हे त्या बापड्याला ठाऊक नव्हते. त्याच्या हाती काय आले? पूर्ण वळायला १ मीटर ३० सेंटिमीटर! दोन दिवस तो माऊस घासत होता, जणू पाट्यावर मसाला वाटतो आहे. विचारले तर म्हणे, "सवय व्हायला वेळ लागतोय की रे." आकडा तोच आहे ना, मग चूक हाताचीच असणार, अशी त्याची समजूत.

त्याला हसण्याचा अधिकार मला नाही, हे आता सांगतो.

मी वर्षभर ८०० आणि १.६ वर खेळत होतो. प्रदक्षिणेला साडेबत्तीस सेंटिमीटर. फार चांगला नव्हतो, वाईटही नव्हतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तीन दिवस आधी एका नामांकित परदेशी खेळाडूचे आकडे माझ्या पाहण्यात आले, आणि ते माझ्या निम्मे होते. मला साक्षात्कार झाला! आपली निशाणी थरथरते ती याचमुळे. त्याच रात्री १.६ चे ०.८ केले. घरी दोन दिवस अप्रतिम चालले. दूरचे निशाण मेणाला सुई टोचावी तसे टिपता येऊ लागले. घरी माझे टेबल म्हणजे दोन लोखंडी घोड्यांवर टाकलेली जुनी दाराची फळी, चांगली चार फूट लांब. हे लक्षात ठेवावे.

स्पर्धा एका भाड्याच्या गेमिंग कॅफेत होती. आमचा कप्तान शेवटच्या वर्षाचा, मातृभाषा कानडी, मराठी आमच्याइतकीच रोखठोक. पदवीनंतर तो नोकरीला जाणार होता. एकत्र खेळण्याची ही शेवटची वेळ होती. तेरा फेऱ्या आधी जिंकणारा विजयी. गुणसंख्या अकरा-बारा, आम्ही मागे. त्या फेरीत आमचे चौघे पडले, त्यांचेही चौघे पडले. उरलो मी आणि त्यांचा एक. मेलेले गडी आपापल्या पडद्यावरून पाहत असतात. कप्तानाला पाऊल ऐकू आले आणि तो ओरडला, "हिंदे, हिंदे नोडो!" मागे बघ. घाईत माणसाच्या तोंडून आईचीच भाषा येते, आणि आमच्या गावात ती ज्याला कळत नाही असा कोण आहे? मला कळले. डोळ्यांना कळले, मेंदूला कळले. हात डावीकडे निघाला आणि माऊस कळफलकाच्या कडेवर जाऊन आदळला. समोर भिंत. मी माऊस उचलेपर्यंत सामना संपला होता.

कप्तान काही बोलला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. त्याने सगळ्यांसाठी चहा मागवला, आणि स्वतःचा तसाच ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

चार दिवसांनी मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन त्या कॅफेत गेलो. कळफलक आणि कडेची फळी यांच्यामध्ये माऊसला मिळणारी जागा भरली २८ सेंटिमीटर. माऊस मधोमध धरला तर दोन्ही बाजूंना चौदा-चौदा. नव्या आकड्यावर चौदा सेंटिमीटरांत मी वळलो असेन फार तर ७८ अंश. शत्रू होता १८० अंशांवर. जुन्या आकड्यावर तेवढ्याच चौदा सेंटिमीटरांत १५५ अंश झाले असते. गोळी लागली असती असे मी म्हणत नाही. पण तो निदान माझ्या पडद्यावर आला असता.

त्या खेळाडूचा आकडा खोटा होता काय? मुळीच नव्हे. पण तो आकडा त्याच्या रुंद टेबलाचा, अर्ध्या मेजाएवढ्या माऊसपॅडचा आणि कोपरापासून फिरणाऱ्या हाताचा होता. मी त्यातले टेबल सोडले, हात सोडला आणि आकडा तेवढा उचलून आणला. गाईडमधून शेवटचे उत्तर उतरवणारा विद्यार्थी आणि मी, यांत मला काही भेद दिसत नाही. प्रश्नपत्रिकेत एक संख्या बदलली की दोघेही सारखेच उघडे पडतात.

आमची आई शिवणकाम करते. शेजारच्या एक काकू नवे मशीन घेतल्यावर तिला विचारायला आल्या, "वैनी, दोऱ्याचा ताण कितीवर ठेवता हो?" आई म्हणाली, "कापड बघायचं, दोरा बघायचा, मग ठेवायचा की. आकडा काय करतोय?" मी त्याच खोलीत बसून परदेशी खेळाडूंचे आकडे वहीत उतरवत होतो. माझ्या कानावर शब्द पडले, कानाच्या आत गेले नाहीत. क्रिकेटवेड्यांसाठी दुसरे उदाहरण देतो: सचिन तेंडुलकर तीन पौंडांहून जड बॅट वापरीत असे, हे सर्वश्रुत आहे. ती हाती घेऊन किती पोरे तेंडुलकर झाली?

मग योग्य आकडा असतो की नाही? माझे मत असे की आकडा नसतो, पट्टा असतो. कारणही सांगतो. हात निशाणाकडे जातो तो एका झेपेत जात नाही. वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दाखवून दिले की अशा हालचालीचे दोन भाग पडतात: आधी एक वेगवान फेक, मग डोळ्याने पाहत पाहत केलेली दुरुस्ती. पुढे १९५४ मध्ये पॉल फिट्सने निशाण किती दूर आणि किती लहान यावरून लागणाऱ्या वेळाचे सूत्रच बसवले. संवेदनशीलता वाढवली की फेकीला जागा कमी लागते, पण दुरुस्ती बोटाच्या थरथरीएवढी बारीक होऊन बसते. घटवली की दुरुस्ती सोपी, पण फेकीला टेबल पुरत नाही आणि माऊस उचलून उचलून मागे आणावा लागतो. दोन्ही टोकांना मरण आहे. मधे मात्र बरीच मोकळी जागा आहे. कासिएझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साधारण हेच दिसले: प्रमाण फार कमी झाले की वेळ वाढतो, फार जास्त झाले की हाताची आणि यंत्राची सूक्ष्मता अपुरी पडते, आणि मधल्या भागात फरक थोडा. तो प्रयोग पडद्यावरचा बाण हलवण्याचा होता, बंदुकीच्या खेळाचा नव्हे, हे प्रांजळपणे नमूद करतो. पण काउंटर-स्ट्राइकचे नाणावलेले खेळाडू पाहिले तरी कोणी प्रदक्षिणेला साधारण ३५ सेंटिमीटर घेतो, तर कोणी ६५ च्या पुढे जातो. एकाच्या दुप्पट दुसरा, आणि दोघेही जिंकतात. तेव्हा १.५७ की १.५९ यावर रात्र जागवणाऱ्याने आरशात पाहावे.

इथे माझे मित्र 'पीएसए' नावाचे शस्त्र काढतात. एक आकडा घ्या, त्याच्या निम्मा आणि दीडपट करून पाहा, जो बरा वाटेल तिकडे सरका, अंतर कमी करत जा. सातएक पायऱ्यांत परिपूर्ण संवेदनशीलता हाती येते म्हणे. गणिताच्या विद्यार्थ्यांना ही चाल ओळखीची वाटेल. आपल्या अभ्यासक्रमातली द्विभाजन पद्धत ती हीच. परंतु द्विभाजनाला एक अट असते: फलाचे चिन्ह एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण असावे, आणि ते दर वेळी खात्रीने वाचता यावे. इथे चिन्ह वाचणार कोण? रात्रीच्या जागरणाने आंबलेले माझे मनगट! सकाळी 'जास्त' म्हणते, जेवणानंतर 'कमी' म्हणते. मी ही पद्धत एका आठवड्यात तीनदा केली आणि तीन वेगळी परिपूर्ण उत्तरे मिळवली. पद्धत निरुपयोगी आहे असे नाही. आपण कोणत्या पट्ट्यात रमतो याचा अंदाज तिने येतो. पण ती दर वेळी दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देते, आणि तिथेच माणूस फसतो.

माझ्या म्हणण्यावर कप्तानानेच एक सज्जड आक्षेप घेतला. तो म्हणाला, "मर्दा, टेन्झ बघ की. तो सारखा सेन्स बदलतोय, तरी मारतोय न्हवं?" आक्षेप खरा आहे. टेन्झ हा कॅनडाचा खेळाडू संवेदनशीलता आणि माऊस दोन्ही वारंवार बदलण्याबद्दल प्रसिद्ध होता, आणि तरीही २०२१ च्या मे महिन्यात आइसलँडमधल्या रेक्याविक येथे सेंटिनल्स संघाबरोबर त्याने व्हॅलोरंटची मोठी जागतिक स्पर्धा जिंकली. तेव्हा 'एकदा ठरवलेला आकडा आयुष्यात बदलू नये' असे सोवळे सांगणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. हात नव्या प्रमाणाला वाटते त्यापेक्षा लवकर रुळतो. मी स्वतःच दोन दिवसांत रुळलो होतो. माझा पराभव बदलाने केला नाही, मी टेबल मोजले नाही म्हणून झाला. टेन्झसारखा बदलतो तेव्हा त्याच्या पाठीशी हजारो तासांचा सराव असतो, आणि निशाण कुठे येणार हे आधी ओळखून त्याची दृष्टी तिथेच टेकलेली असते. त्याला मुळात वळावेच कमी लागते. आम्ही बदलतो ते मात्र हरल्यावर, रागाच्या भरात, आणि दोष द्यायला कोणीतरी हवा म्हणून. आकडा बिचारा बोलत नाही, म्हणून तो सोयीचा.

हे बोचते, पण लिहितो. गेल्या वर्षी मी संवेदनशीलता बदलण्यात जेवढ्या संध्याकाळी घालवल्या, त्यातल्या निम्म्या जरी कोपऱ्यामागून डोक्याच्या उंचीवर निशाण धरून चालण्याच्या सरावात घातल्या असत्या, तर कदाचित "हिंदे" ओरडायची वेळच आली नसती.

आता मी काय करतो, असे कनिष्ठ मित्र विचारतात. जिथे खेळायचे तिथे आधी पट्टी लावतो. माऊस मधोमध ठेवून एका बाजूला मिळणाऱ्या जागेत निदान दीडशे अंश वळता आले पाहिजे, हा माझा ठोकताळा. शास्त्र नव्हे, पोळलेल्या माणसाचा ठोकताळा. मग दूरच्या उभ्या माणसावर निशाण धरून पाहतो. हात थरथरून ओलांडून जात असेल तर थोडे कमी करतो. विंडोजमधला 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' हा पर्याय बंद ठेवतो. नाव अचूकतेचे, पण काम असे की तेवढेच अंतर माऊस भरकन नेला तर बाण जास्त जातो आणि हळू नेला तर कमी. काउंटर-स्ट्राइकची नवी आवृत्ती माऊसच्या खुणा थेट घेते म्हणून तिथे तो आड येत नाही, पण सगळे खेळ असे नसतात. मग महिनाभर आकड्याकडे पाहत नाही. मनगट दुखू लागले तर मात्र पाहतो. वाढवलेल्या संवेदनशीलतेत सगळी उठाठेव मनगटावर येते, आणि परीक्षेत पेपर लिहिणारा हातही तोच असतो.

शेवटी जिमखान्याकडे एक गाऱ्हाणे. यंदा ई-स्पोर्ट्ससाठी महागडे माऊस घ्यायची भाषा चालू आहे. ज्यांच्या खोक्यावर पंचवीस-पंचवीस हजार डीपीआय छापलेले असतात तेच. कृपा करून घेऊ नका. आमच्यापैकी कोणीही १६०० च्या पुढे जात नाही. उरलेले आकडे खोक्याच्या शोभेसाठी आहेत. त्याच पैशांत चार रुंद फळ्या आणि पाच मोठे माऊसपॅड येतील. दुसरे असे की स्पर्धेच्या सूचनापत्रकात प्रवेशशुल्क असते, वेळ असते, ओळखपत्र आणा असेही असते. प्रत्येक खेळाडूला टेबलावर किती जागा मिळणार हे कधीच नसते. ते छापावे, स्वतःचा माऊस आणू द्यावा, आणि सामन्याआधी मांडणीसाठी दहा मिनिटे द्यावीत. धावण्याच्या शर्यतीत शंभर मीटर आधी मोजून ठेवतात ना? तेवढेच.

या आशयाचा अर्ज मी मराठीत लिहिला, आणि कप्तानाने नोकरीवरून सुट्टीला आला असताना त्याचा कानडी तर्जुमा करून दिला, म्हणजे कार्यालयात भाषेवरून परत यायला नको. सोबत सरांनी आग्रहाने जोडायला लावलेला कॅफेच्या टेबलाचा मोजमापांसह आराखडा आहे. अर्ज दिल्याला पाच आठवडे झाले. परवा चौकशीला गेलो तेव्हा लिपिकांनी आराखडा उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "हे नवीन बाक करायचे आहेत का?"

मी होय म्हणालो.